मारबतीचा गिगापिक्सेल, प्रयत्न तिसरा (आणि समोरची खिडकी)

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचा गिगापिक्सेल, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेला अब्जभर पिक्सेलचा एकच मोठा फोटो, काढायचा हा माझा तिसरा प्रयत्न. मागच्या दोन वर्षांची रड तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी पाऊस, अन् दुसऱ्या वर्षी फोकस ऑटोवर राहून गेला तर अर्धे फोटो गर्दीवर आणि अर्धे मधल्या बॅनरवर शार्प. यंदा जमलं एकदाचं.

जागा इतवारी, मित्राच्या मावशीची तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, पोळ्याचा दुसरा दिवस. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, मारबत म्हणजे मिरवत नेतात तो मोठा पुतळा, काळी मारबत १८८१ पासून निघते अन् पिवळी १८८५ पासून, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" करत सगळं नागपूर रस्त्यावर.

सेटअप: २४ मेगापिक्सेलची क्रॉप (छोट्या सेन्सरची) बॉडी, २०० एमएमची लेन्स, कॅमेरा उभा, एफ ८, १/५००, आयएसओ ८००, व्हाइट बॅलन्स लॉक, फोकस मॅन्युअल साधारण १०० मीटरवर. ट्रायपॉडवर कॅमेरा आपोआप फिरवणारं मोटरवालं हेड परवडत नाही म्हणून डिग्रीच्या खुणा केलेलं हेड हातानंच फिरवलं. २८ कॉलम, ३ ओळी, म्हणजे ८४ फोटो, पाचेक मिनिटं. एक गोष्ट लिहून ठेवा, गर्दी असेल तर आडव्या ओळीनं काढू नका, वरून खाली कॉलम संपवा मग पुढे सरका, नाहीतर दुसरी ओळ येईपर्यंत डोकं एकाचं अन् पाय दुसऱ्याचे. तरी केशरी टोपीवाला एक भाऊ मी कॅमेरा फिरवत होतो त्याच दिशेनं चालून राहिला होता, तो चार वेळा आलाय.

स्टिचिंग, म्हणजे फोटो जोडणं, ह्युजिन या सॉफ्टवेअरमध्ये. माणसांवर पडलेले सगळे कंट्रोल पॉइंट (दोन फोटो जुळवायच्या खुणा) उडवले, फक्त बिल्डिंगवरचे ठेवले, मग मास्किंगमध्ये, म्हणजे कुठल्या फोटोतला कोणता भाग ठेवायचा ते ठरवण्यात, तीन रात्री गेल्या. शेवटी साधारण ८० हजार बाय १४ हजार पिक्सेल, आणि सेव्ह करायला गेलो तर जेपेग घेईनाच, कारण जेपेगची एक बाजू ६५,५३५ च्या वर जात नाही. मोठ्या फाइलींसाठीच्या बिगटिफ फॉरमॅटमध्ये सेव्ह केली. खालची जवळची गर्दी जरा सॉफ्ट आहे, चालते.

मग झूम करत बसलो, आणि इथे मजा थोडी कमी झाली.

१०० मीटरवरच्या माणसाचा चेहरा सत्तर-पंचाहत्तर पिक्सेल रुंद येतो. ओळखीचा असला तर नाव घेऊन हाक माराल. ओबामाच्या २००९ च्या शपथविधीचा तो १,४७४ मेगापिक्सेलचा फोटो आठवतो ना, २२० फोटो जोडलेला, त्यात सुप्रीम कोर्टाचे एक जज डोळे मिटून बसलेले सापडले होते. ते ठीक आहे, ते स्टेजवर होते. पण माझ्या फोटोत रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडी, आत ट्यूबलाइट, बनियानवर बसलेले एक आजोबा, पुढ्यात गोळ्यांचा डबा, मागे कॅलेंडर. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलमधून शॅडो उचलल्या (अंधारे भाग उजळले) तर कोणत्या तारखांना पेनानं गोल केलाय तेही वाचता येत होतं. मी काही त्यांच्या घराचा फोटो काढायला नव्हतो गेलो. मारबत पाहायला आलेल्या माणसाला हजार लोक बघतील हे त्याला माहीत असतं, पण त्यातला कुणी त्याच्यासमोर उभा राहून पाच मिनिटं चेहरा न्याहाळेल असं त्याला वाटत नाही, आणि आजोबा तर रस्त्यावरही नव्हते.

पब्लिक जागा आहे, काढ बिनधास्त, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात, मीही म्हणायचो. पण २४ ऑगस्ट २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या प्रायव्हसीच्या निकालात उलट लिहिलंय, माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानं त्याची प्रायव्हसी संपत नाही, ती माणसासोबत असते. नऊ जजांच्या त्या बेंचवर आपल्या नागपूरचे बोबडेसाहेबही होते. आता त्यावरून माझ्या गच्चीवर कुणी केस करणार नाही, पण डोक्यात बसलं ते बसलं.

मग हिशोब केला. मला १२ फुटी प्रिंट पाहिजे, त्याला १५० डीपीआय (इंचाला १५० पिक्सेल) धरलं तरी रुंदीला २१-२२ हजार पिक्सेल पुरतात. म्हणजे पूर्ण फाइल कुणाला दाखवायची गरजच नाही, नुसती आपली खाज. साधारण पाव साइज केली, चेहरे वीसेक पिक्सेलवर आले, गर्दी परत गर्दी दिसायला लागली. मोठी फाइल हार्ड डिस्कवर, वाटणार नाही, कितीही मेसेज करा.

खिडकीचं मात्र विचारायला गेलो, मावशीला सोबत घेऊन, लॅपटॉप घेऊन. सूनबाई आधी भडकल्याच, "आमच्या घरात काहून पाहून राहिले तुम्ही?" बरोबरच होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबांनी चष्मा लावला, स्वतःला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, अन् म्हणाले, "राहू दे गा, पण बनियान फाटकी दिसून राहिली, तेवढी शिवून दे."

सूनबाईंचं ऐकलं. फोटोत पूर्ण खिडकी बंद केली, शेजारच्या बंद खिडकीचं झाकण क्लोन (कॉपी) करून. ग्रिलच्या सावल्या जुळेनात, त्यात दीड तास गेला. पुढच्या वर्षी कमी जवळ आणणारी १३५ एमएमची लेन्स लावणार, अन् समोरच्या घरांना आदल्या दिवशी सांगून येणार.