रॅम्प आहे ना, मॅडम!

ताईला ताप आलाय म्हणून आज भाच्याला शाळेत सोडायला मी गेले. शाळेत रॅम्प आहे हां, फोटोत तर मस्तच दिसतो. पण ओटा दीड फूट उंच आणि रॅम्प जेमतेम पाच फुटांचा. १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते, म्हणजे इथे १८ फूट हवा होता, मी आपली भाच्याची व्हीलचेअर ढकलतेय ढकलतेय आणि ती परत खाली येतेय, त्यात रॅम्पच्या तोंडाशीच कुणीतरी स्कूटी लावलेली. शेवटी सहावीतली दोन पोरं धावत आली, एकाने न विचारता याचं दप्तर काढून स्वतःच्या गळ्यात घातलं, रोजचंच असणार. आणि हा मला म्हणतो, "मावशी, उलटी फिरवून ओढ ना." आठ वर्षांचं पोर!

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, शाळेने सोयी द्यायच्या असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ऑफिसात बोलले तर उत्तर काय, "रॅम्प आहे ना, मॅडम."

वर्गातल्या बाई मात्र भारी. पहिल्या रांगेत एकट्याला न बसवता मित्राच्या शेजारचा अर्धा बाक काढून तिथे जागा केलीय, दोघं मिळून मस्ती करतात आणि ओरडाही खातात 😄

उद्या टॉयलेटचं दार मोजणारे. टेप पर्समध्ये टाकलीय.