प्रश्न आपला असला की

रविवार, रात्र

नोकरी सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा पूर्णवेळ कोर्स कर, कर्ज मिळतंय, असं दादा पुन्हा म्हणाला. त्याची काळजी खरी आहे. पण मला आधी हे काम रोज करून बघायचंय.

भांडारकर रस्त्याकडे गेले की हल्ली दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या माणसाला प्राचीन नाण्यांनी ओढून घेतलं. नाणं हातोहात फिरून झिजतं, मग वजनावरून ते किती काळ चलनात होतं हे सांगता येईल का? त्यांनी आधी आपल्याच काळातली चालू नाणी तोलली, हजारोंनी. नाणी जुनी होतील तशी सरासरी वजन घटतं, आणि एका नाण्याच्या वजनात नि दुसऱ्याच्या वजनात फरकही वाढत जातो. मग तोच हिशेब प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, नाण्यांना लावला. अभ्यासक्रम कुणी आखून दिला नव्हता. प्रश्नच पुढचा धडा ठरवत होता, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझा प्रश्न चाकणच्या आमच्या स्टोअरमधला आहे. कुठला सुटा भाग कधी संपेल, याचा अंदाज अजून अनुभवी माणसांच्या डोक्यात असतो. म्हणून एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर संख्याशास्त्र शिकतेय. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, म्हणून वही मिटून आठवेल तेवढं लिहून काढते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. ऑफिसहून दमून आल्यावर हे जड जातं, तरी टिकतं तेच.

तर ठरलं. दिवाळीपर्यंत नोकरी सोडायची नाही, कर्ज नाही. तोवर एका सुट्या भागाचा अंदाज स्वतः काढायचा आणि प्रत्यक्ष खपाशी ताडून बघायचा. संध्याकाळी त्यात जीव रमला, तर दादाशी कोर्सचं बोलायचं. आकडे साफ करण्याचाच कंटाळा आला, तर खरेदी विभागातल्या जागेसाठी अर्ज करायचा. तेही काम मला आवडतं. कारणं तारखेसकट इथेच लिहून ठेवतेय, नाहीतर पुढे मन सोयीची कारणं शोधतं.

उद्या साहेबांकडे गेल्या दोन वर्षांचं इश्यू रजिस्टर, म्हणजे स्टोअरमधून कुठला भाग कधी दिला याची नोंदवही, मागायचं.