रिंगफोर्टचं मॉडेल: भुयारावर शिळा चढल्या

मंडळी, या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त रिंगफोर्टच्या आतल्या भुयाराला हात घातला. मातीचा गोल बांध आणि बाहेरचा खंदक आधीच झालाय. प्रमाण 1:50, त्यामुळे 30 मीटर व्यासाचा आयरिश रिंगफोर्ट 60 सेंटिमीटरमध्ये बसतो. नाव फोर्ट असलं तरी हे मुख्यतः शेतकरी कुटुंबाचं घर-अंगण, बहुतेक रिंगफोर्ट इ.स. 600 ते 900 मधले.

भुयारासाठी डोंगर पोखरायचा नव्हता. चर खणायचा, दोन्ही बाजूंनी चुन्याशिवाय दगड रचत यायचे, अगदी कोकणातल्या गडग्यासारखे, वर आडव्या शिळा टाकायच्या आणि माती लोटून द्यायची. मी त्याच क्रमाने गेलो. पहिल्यांदा भिंती सरळ उभ्या रचल्या, तर शिळा टोकांवर जेमतेम टेकत होत्या. सगळं उतरवलं. आता भिंती वर येताना आत झुकवल्यात, शिळा घट्ट बसल्या.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो 'क्रीप'ने, म्हणजे दोन दालनांमधल्या सरपटत जायच्या वाटेने. उंची 60 सेंटिमीटर धरली, मॉडेलमध्ये 12 मिलिमीटर. त्यात साडेतीन सेंटिमीटरचा लाकडी माणूस आडवा घातला आणि पलीकडे दुसरा बसवला. आधी डोकं बाहेर येतं, हात जमिनीला टेकलेले. आत लपून बसलेलं एकटं माणूसही अशा घुसखोराला थोपवू शकेल! दूध-लोणी थंडाव्यात ठेवायला भुयार वापरत असतील हे मला पटतं, पण नुसत्या कोठारासाठी कुणी अशी वाट बांधणार नाही.

एका शिळेच्या कडेवर सुईने ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा कोरल्या. आयर्लंडच्या केरी परगण्यात कूलमागोर्टला 1838 मध्ये सापडलेल्या भुयारात ओघम कोरलेले जुने दगड छताला वापरले होते. अशा दगडांवर बहुधा 'अमक्याचा मुलगा तमका' असं असतं. कुणाची तरी आठवण म्हणून उभा केलेला दगड पुढे कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर झाला, हे कोरताना सारखं मनात येत होतं.

पुढे घर. उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यात डिअर पार्क फार्म्स इथे उत्खनन झालेल्या रिंगफोर्टमध्ये ओलाव्यामुळे हेझल झुडपाच्या फांद्यांचे दुहेरी कूड टिकून राहिले होते, तसाच विणायचाय. खराट्याचे हिर जाड पडतात. केरसुणीच्या काड्या भिजवून ठेवल्यात.