कथेत म्हैस कशाला?

‘तुमच्या कथेत म्हैस नाहीतर पंचगंगेचं पाणी असतंच, ते कशाला?’ हा प्रश्न मला हमखास येतो. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

कथेत जागा थोडी असते. तेवढ्यात माणसाला बोलू दिलं की तो स्वतःबद्दल बरंच रंगवून सांगतो. जनावरापुढं ते चालत नाही. रोजचा हात नसेल तर म्हैस पान्हा चोरते. समजा, सासू वारलीय. दारात माणसं जमलीत आणि गोठ्यात कास तटतटलेली म्हैस रेकतेय. सून बादली घेऊन बसते, रेडकू सोडते, पुन्हा ओढून बांधते, सडांना पाणी लावते. धार काही लागत नाही. मग ती आत जाऊन सासूचं वापरातलं लुगडं अंगावर घेऊन येते. सासू-सुनेचं इतकी वर्षं कसं चाललं होतं, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

रशियन लेखक चेखवच्या 1886 सालच्या एका कथेत मुलगा गेलेला घोडागाडीवाला शेवटी आपल्या घोडीला सगळं सांगतो. ती चारा खात राहते. चेखव तिच्या डोळ्यांत पाणी आणत नाही, म्हणून तर ती कथा जिवाला लागते.

निसर्गाचंही तेच. आभाळ भरून आलं की नायिकेचं मनही भरून येतं, असलं लिखाण मला खरंच सहन होत नाही. आम्ही कोल्हापूरकर पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीचा आकडा बघतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत झोप उडते. 2019 च्या ऑगस्टमध्ये जनावरं मागं ठेवून बोटीत बसायला तयार नसलेली माणसं आपण पाहिलीत. दावं कापून म्हशीला पोहायला मोकळं सोडायचं, की वाट बघायची? एवढ्यावर माझी अख्खी कथा उभी राहते.

गव्यावर मात्र अजून लिहिलेलं नाही. तो शहराकडं आला की मोबाईल घेऊन गर्दी धावते आणि तो बिथरतो. माणसांच्या बाजूनं ते सहज लिहिता येईल. मला ते त्याच्या नाका-कानांनी लिहायचंय. म्हणून सध्या गव्यांच्या जंगलातल्या, दाजीपूरकडच्या जाणत्या माणसांना भेटतेय.