ईईजीवरून नैराश्य की चिंता? मॉडेलच्या आधी तेल, कूलर आणि गोळ्या

नैराश्य आणि चिंताविकार ईईजीवरून (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवरून) वेगळे ओळखायचे, असा प्रोजेक्ट इंदूरमध्ये कुणी हाती घेत असेल तर मॉडेल (डेटावरून शिकून गट ओळखणारा प्रोग्राम) कोणतं हे अगदी शेवटी ठरवा. घात होतो तो इलेक्ट्रोड लावताना, नाहीतर डेटाची वाटणी करताना.

पहिली अडचण खोबरेल तेलाची. तेलातून वीज जात नाही. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा आणि सकाळी तेल लावू नका, असं येणाऱ्याला फोनवरच सांगा. प्रत्येक जागी भांग पाडून, त्वचा जेलने हलकी घासून मगच पेस्ट लावा. इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेला होणारा अडथळा) 5 किलोओहमच्या खाली हवा, आणि सगळ्या जागी साधारण सारखा. डावीकडे 4 आणि उजवीकडे 20 असेल तर एकाच बाजूने गोंगाट शिरतो आणि डाव्या-उजव्यातला फरक मोजण्यात अर्थ उरत नाही. पेस्टही बेतानेच लावा. ती शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरली की दोन्हीकडे एकच सिग्नल दिसतो.

मे महिन्यात घामाने रेषा संथ डुलते. कूलर लावला तर 50 हर्ट्झचा गोंगाट येतो. खोली आधी गार करून घ्या आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कूलरचा प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. 5 मिनिटं डोळे मिटून, 5 मिनिटं उघडे, सॅम्पलिंग 250 हर्ट्झ (सेकंदाला 250 नोंदी), एवढं पुरतं. पण सगळ्यांचं रेकॉर्डिंग दिवसाच्या एकाच सुमारास करा. रुग्ण दुपारी जेवल्यावर आणि निरोगी मंडळी सकाळी आली, तर डुलकी लागलेल्यांचा अल्फा (डोळे मिटून जागं असतानाची लहर) विरतो, थीटा (त्याहून संथ लहर) वाढतो आणि मॉडेल झोपेलाच आजार समजतं.

नैराश्यासाठी बहुतेक जण कपाळामागच्या अल्फाकडे (8 ते 13 हर्ट्झ) बघतात: एफ4 (कपाळाजवळचा उजवा इलेक्ट्रोड) च्या अल्फा पॉवरचा लॉग वजा एफ3 (डावा) चा. अल्फा जास्त म्हणजे तो भाग कमी सक्रिय, म्हणून नैराश्यात ही वजाबाकी खाली यावी अशी अपेक्षा असते. मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजतात तो बिंदू) बदलला की आकडाही बदलतो. एकट्या या खुणेवर माझा भरवसा नाही.

चिंतेसाठी बीटाकडे (अल्फाहून वेगवान लहरींकडे) बोट दाखवतात. तिथे तर फसगत ठरलेलीच. घाबरलेला माणूस दात आवळतो, कपाळ आक्रसतो. त्या स्नायूंचा सिग्नल 20 हर्ट्झच्या पुढे थेट बीटात मिसळतो. शिवाय क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळ्या स्वतःच बीटा वाढवतात. चिंतेच्या गटात या गोळ्या घेणारे जास्त असले तर मॉडेल गोळी ओळखतं आणि आपण चिंता ओळखली म्हणून खूश होतो. प्रत्येकाचं औषध, डोस आणि वेळ लिहून ठेवा. रेकॉर्डिंगसाठी कुणालाही गोळी बंद करायला मात्र सांगू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता वाटणी. 5 मिनिटांचे 2-2 सेकंदांचे तुकडे केले की एका माणसाचे 150 होतात. ते सरमिसळ करून ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्टमध्ये (तपासायचा डेटा) टाकले की एकच माणूस दोन्हीकडे येतो. प्रत्येकाच्या अल्फाचं शिखर, कवटीची जाडी वेगळी. मॉडेल माणूस ओळखतं आणि पंच्याण्णवच्या वरचे टक्के दाखवतं. वाटणी माणसावार करा: ग्रुपकेफोल्ड (माणसांचे गट पाडून आळीपाळीने एकेक गट टेस्टला) किंवा लीव्ह-वन-सब्जेक्ट-आउट (दर वेळी एकच माणूस टेस्टला). फीचर (मॉडेलला द्यायची मापं) निवडणं आणि स्केलिंगही (आकडे एका पट्टीवर आणणं) फक्त ट्रेनच्या डेटावर. टक्के धाडकन खाली येतील, पण खरे तेच.

राहिलं लेबल, म्हणजे कुणाला कोणत्या गटात धरायचं ते. हॅमिल्टन नावाच्या, गुण देणाऱ्या प्रश्नावल्या आहेत; त्यातल्या नैराश्याच्या मापनात चिंतेचे प्रश्न आहेत आणि चिंतेच्या मापनात उदासीचा. म्हणून नुसत्या गुणांवर गट पाडू नका, मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखतीवर पाडा. गट चार: फक्त नैराश्य, फक्त चिंता, दोन्ही आणि दोन्ही नाही. ‘दोन्ही’वाले वगळले की मॉडेल चटकन हुशार दिसतं, पण ओपीडीच्या रांगेत तेच मोठ्या संख्येने बसलेले असतात.