डिस्क रिकामी, तरी 'जागा नाही'

पुसलेले ते दोन बॅकअप आता मिळणार नाहीत. ते काढायला मीच सांगितलं होतं, म्हणून ती रात्र डोक्यातून जात नाही.

जुना लिनक्स सर्व्हर, 32 जीबी मेमरी. त्यावर पोस्टग्रेस 9.2 हा डेटाबेस चालू होता, शेअर्ड बफर्स (डेटासाठी राखलेली शेअर्ड मेमरी) 5 जीबी. शेजारी तेवढ्याच बफर्सचं दुसरं पोस्टग्रेस उभं करायचं होतं. रात्री सहकाऱ्याचा फोन आला, "सुरूच होत नाहीये. नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस म्हणतंय."

"डिस्क भरली असेल. जुने बॅकअप काढ," मी म्हटलं.

काढले. पुन्हा तोच एरर. डिस्क तर निम्मीही भरलेली नव्हती.

मग मी स्वतः लॉग उघडला. एररच्या खालीच पोस्टग्रेसची सूचना होती: याचा अर्थ डिस्कवरची जागा संपली असा 'नाही'. त्या 'नाही'ला दोन्ही बाजूंनी तारका लावलेल्या. लिहिणाऱ्यांनी इतकी काळजी घेतली होती आणि आम्ही पहिल्या ओळीवरच थांबलो.

जागा कमी पडत होती ती शेअर्ड मेमरीत, आणि लिनक्समध्ये तिच्या दोन मर्यादा बघायच्या होत्या. शममॅक्स म्हणजे या मेमरीच्या एका तुकड्याची, सेगमेंटची, मर्यादा. लिनक्सचा जुना डिफॉल्ट 32 एमबी. तो कुणीतरी पूर्वीच 6 जीबी करून ठेवला होता. तो कमी पडता तर एरर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असा आला असता. शमऑल म्हणजे सगळ्या सेगमेंटची मिळून मर्यादा, तिला कुणी हातच लावला नव्हता: 2097152. आकडा मोठा दिसतो, पण ती 4096 बाइटची पानं आहेत, म्हणजे नेमके 8 जीबी. आम्हाला 10 च्या वर हवे होते. शममॅक्स बाइटमध्ये, शमऑल पानांत आणि या मर्यादा दाखवणारी आयपीसीएस कमांड हेच किलोबाइटमध्ये दाखवते! रात्री 2 वाजता असल्या एककांशी झगडायची वेळ कुणावर येऊ नये. कागदावर दोनदा गुणाकार करून 3145728 पानं ठरवली, 12 जीबी. रीबूटनंतर जाऊ नये म्हणून सिसकंट्रोलच्या, म्हणजे लिनक्सच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्येही ओळ घातली. दुसरं पोस्टग्रेस लगेच उठलं.

9.3 पासून पोस्टग्रेस बफर्ससाठी एममॅप ही मेमरी मागायची वेगळी पद्धत वापरतं, तिथे हा प्रश्नच आला नसता. पण अपग्रेडचा विषय काढला की वरून दरवेळी 'चालतंय ना?' एवढंच उत्तर येतं.

फोन ठेवताना सहकारी म्हणाला, "मग आपण बॅकअप उगाच काढले." 'आपण' म्हणाला तो. सकाळी अहवालात मी लिहिलं, बॅकअप काढायची सूचना माझी होती.