ट्यूबलाइट, चादर आणि काकांची पेटी

गेल्या पावसाळ्यात मी छायालेखन शिकायला घेतले, तेव्हा मैत्रिणीकडून उसना आणलेला कॅमेरा, ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि हार्मोनियम दुरुस्त करणारे माझे काका एवढेच भांडवल माझ्याकडे होते. काकांच्या माडीवरच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे आणि भिंतीवर जुनी ट्यूबलाइट. तीन मिनिटांच्या चित्रफितीला याहून अधिक काय लागणार, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच दिवशी पडद्यावर काळसर आडवे पट्टे सरकू लागले आणि दुसऱ्याचा कॅमेरा बिघडवला या भीतीने माझी गाळण उडाली. प्रत्यक्षात कॅमेरा ठणठणीत होता. परदेशी धडे पाहून मी सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) आणि शटर १/६०, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी सेकंदाचा साठावा भाग उघडे, असे ठेवले होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १/५० सेकंदात तिची अशी नेमकी दोन आवर्तने बसतात, १/६० मध्ये मात्र दुसरे अर्धवट तुटते. २५ चौकटी आणि १/५० शटर करताच पट्टे नाहीसे झाले. यालाच १८० अंशांचे शटर म्हणतात : प्रत्येक चौकटीच्या निम्म्या वेळेपुरते शटर उघडे राहते आणि भाता मारणारा हात डोळ्यांना सवयीचा वाटेल इतकाच धूसर दिसतो. (बोलणाऱ्या दोन पात्रांमधली कल्पित रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नये, या नियमालाही १८० अंशांचाच नियम म्हणतात. या दोहोंची गल्लत मी महिनाभर करत होते.)

त्यानंतर लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची पाळी आली; त्याचा एफ आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. पार्श्वभूमी पुसट करण्याच्या हौसेपायी मी एफ २ वरच अडून बसले होते, त्यामुळे काकांच्या मिशा स्पष्ट आणि स्वरपट्टी कानशीने घासणारी बोटे अस्पष्ट, असा प्रकार झाला. दुरुस्तीच्या चित्रफितीत बोटेच दिसणार नसतील, तर ती पुसट पार्श्वभूमी काय कामाची? एफ ४ केल्यावर बोटे आणि चेहरा दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट आले, पण उजेड एक चतुर्थांश उरला. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरून १६०० वर न्यावा लागला आणि सावल्यांमध्ये दाणे दिसू लागले. एका हाताने घेतले की दुसऱ्या हाताने द्यावे लागते, हा हिशेब पुस्तकापेक्षा त्या दुपारी मला अधिक कळला.

तरीही चित्र सपकच होते. मी कॅमेऱ्याची बटणे चाचपत राहिले आणि काका दर वेळी विचारत, ‘अगं, आणखी एक दिवा लावू का?’

या प्रश्नाचे उत्तर मला सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांच्या कामात सापडले. राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या पहिल्या चित्रपटाचे छायालेखन हाती घेण्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. पुढे ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले, तेव्हा उघड्या आकाशाचा मऊ, सावली न पाडणारा प्रकाश आणण्यासाठी त्यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत पात्रांवर न टाकता खालून त्या कापडावर टाकून परतवला.

मी काकांची पांढरी चादर दोरीवर खिडकीच्या समोरच्या बाजूला टांगली आणि ट्यूब बंद केली. तिच्या हिरवट छटेमुळे काकांचा चेहरा अर्धा निळसर, अर्धा आजारी दिसत असे; आता खिडकीचा एकच प्रकाश उरला आणि कॅमेऱ्याची रंगछटा मी ५६०० केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या मापावर, पक्की करून टाकली. चादरीवरून परतलेल्या उजेडाने गालाची काळीकुट्ट बाजू थोडी उजळली, डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकू लागला आणि लाकडाचा पोतही दिसू लागला. चादर दोन फूट मागे सरकवली की सावली गडद होते, पुढे आणली की फिकी. तो संपूर्ण रविवार मी फक्त हे सरकवण्यात घालवला आणि चित्रण जेमतेम चाळीस सेकंदांचे झाले.

काकांना ट्यूब बंद ठेवणे अजून पटलेले नाही. अंधारात पेटीचे सूर जुळवायला आपण काही घुबड नाही, असे ते म्हणतात. म्हणून पुढच्या रविवारी पेटीच खिडकीजवळ हलवायची, असा समझोता झाला आहे.